काळी झालेली पावती आणि टिकलेली चिठ्ठी

२०२० च्या खरिपातली गोष्ट. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या धावड्यात माझ्या बहिणीने दीड एकरात सोयाबीन पेरले. बियाण्याला पैसे बचत गटातून काढलेले. पाऊस वेळेवर झाला, शेजारच्या रानात हिरवी ओळ दिसू लागली, पण हिच्या रानात दहा दिवस झाले तरी बी जमिनीतच. उकरून पाहिले तर दाणा कुजलेला. त्या वर्षी मराठवाड्यात अशा तक्रारी इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपणहून दखल घेतली. तेव्हा गावातल्या जाणत्यांनी बहिणीला सांगितले, “कृषी कार्यालयात अर्ज द्या. पावती जपून ठेवा.”

पावती जपण्याचे काम भाच्याने अंगावर घेतले. पोरगा बारावी झालेला, हुशार. पावती म्हणजे दुकानातल्या लहान मशीनमधून निघणारी वीतभर गुळगुळीत पट्टी. ती भिजू नये, फाटू नये म्हणून तो भोकरदनला गेला आणि तिला लॅमिनेशन करायला दिले. मशीनच्या एका बाजूने पांढरी पावती आत गेली आणि दुसऱ्या बाजूने कोळशासारखी काळी पट्टी बाहेर आली! एक अक्षर दिसेना. संध्याकाळी त्याचा मला फोन आला. “जय भीम मामा. पावती तं पार काळी झाली. आता आई मला घरात घेणार नाही.”

मी कारकुनी पेशातला माणूस. वीस वर्षांहून अधिक काळ कागदांतच हयात गेली. कागद हरवला तर माणूस कसा उभ्या उभ्या खोटा ठरतो ते रोज पाहतो. मी भाच्याला म्हणालो, “रागावत नाही रे कुणी. थैलीच्या तोंडाला एक चिठ्ठी शिवलेली असते, ती कुठे आहे ते आईला विचार.” चिठ्ठी होती. रिकामी थैली बहिणीने धुऊन गळक्या पत्र्याखाली लावली होती, पण चिठ्ठी मागच्या खोलीतल्या खुंटीला दोऱ्यासकट लटकत होती. तिला ओल लागलेली, धूर लागलेला, एक कोपरा उंदराने कुरतडलेला. तरी लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी असे सारे ठसठशीत वाचता येत होते.

दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच दुकानातून घरी आले. दोन्हीवर अक्षरे मशीननेच उमटवलेली, आणि दोन्ही वेळा ती उष्णतेने उमटलेली. मग एक क्षणात काळा का झाला आणि दुसरा का टिकला? या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येक घराच्या उपयोगाचे आहे. म्हणून आज हा विषय वाचक बंधू-भगिनींसमोर मांडतो.

एक उष्णता, दोन रीती

उष्णतेवर चालणाऱ्या छपाईच्या दोन रीती आहेत. पहिलीला ‘डायरेक्ट थर्मल’ म्हणतात. हिच्यात शाई नसते, रिबन नसते. कागदाच्या पाठीवरच एक रासायनिक थर दिलेला असतो. त्या थरात एक बिनरंगी रंगद्रव्य आणि ते काळे करणारे दुसरे द्रव्य शेजारी शेजारी बसलेले असतात. गरम टोक टेकले की दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि तेवढाच ठिपका काळा होतो. म्हणजे अक्षर कागदाला बाहेरून लावलेले नसते. कागदच भाजून निघालेला असतो.

एसटीच्या कंडक्टरच्या मशीनचे तिकीट, एटीएमची चिठ्ठी, रेशन दुकानातल्या मशीनची पावती, पेट्रोल पंपाचे बिल हे सारे या जातीचे. दवाखान्यात छातीला तारा लावून काढतात त्या ईसीजीची पट्टीही बहुतेक ठिकाणी याच कागदाची असते. रीत स्वस्त आहे, मशीन खिशात मावते, शाई भरायची कटकट नाही. पण भाजायला तयार असलेला कागद नंतरही भाजतोच. उन्हात ठेवला, गाडीच्या काचेखाली राहिला की तो करडा पडतो. तेलाचा हात लागला, प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात महिनोन्‌महिने राहिला की उलट होते, अक्षरे उडून जातात. आणि लॅमिनेशनचे मशीन म्हणजे दोन गरम रूळच. त्यात हा कागद घातला तर सगळाच एकदम काळा होणार! भाच्याने चूक केली नाही. त्याला हा फरक कुणी सांगितलाच नव्हता.

दुसरी रीत ‘थर्मल ट्रान्सफर’. ट्रान्सफर म्हणजे बदली. सरकारी नोकराची एका गावाहून दुसऱ्या गावी होते तशी इथे शाईची एका फितीवरून दुसऱ्या कागदावर होते. कागद साधा, शाई वेगळी, आणि उष्णता मधली मध्यस्थ.

कार्बन कागदाची चुलत बहीण

ज्यांनी टाइपरायटरवर काम केले आहे किंवा पावतीपुस्तक लिहिले आहे त्यांना ही रीत चटकन समजेल. पावतीपुस्तकात वरच्या कागदाखाली कार्बन घालतो. पेनचा दाब जिथे पडतो तिथली शाई खालच्या कागदावर उतरते. थर्मल ट्रान्सफरची रिबन म्हणजे असा लांबच लांब कार्बनच समजा. फरक एवढाच की तिथे दाब काम करतो, इथे उष्णता.

ही रिबन पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची असते. जाडी साधारण साडेचार मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास धरली तर ही फिल्म केसाच्या पंधराव्या हिश्श्याएवढी. तिच्या एका बाजूला मेण किंवा राळेसारखे ‘रेझिन’ यांत मिसळलेली काळी पूड थापलेली असते. ती पूड म्हणजे मूळ काजळीच. दुसऱ्या बाजूला एक गुळगुळीत लेप असतो. त्यामुळे फिल्म गरम टोकाला चिकटत नाही आणि टोक झिजत नाही.

मशीनमध्ये खाली रबराचा रूळ असतो, वर छपाईचे ‘हेड’. रूळ आणि हेड यांच्या मधून कागदी लेबल व रिबन अंगाला अंग लावून पुढे सरकतात. शाईची बाजू लेबलकडे, लेपाची बाजू हेडकडे. हेडच्या कडेवर एका ओळीत बारीक बारीक तापणारे ठिपके बसवलेले असतात. आपल्या इस्त्रीच्या आत तापणारी तार असते, तिचीच ही मुंगीएवढीही नसलेली भावंडे. साध्या मशीनमध्ये एका मिलिमीटरमध्ये असे ८ ठिपके, म्हणजे इंचाला २०३. बारीक अक्षरे हवी असतील तर इंचाला ३०० किंवा ६०० ठिपक्यांचे हेड घेतात. चार इंच रुंदीच्या साध्या हेडमध्ये असे आठशेहून अधिक ठिपके असतात.

संगणक प्रत्येक ओळीला हुकूम सोडतो : अमुक ठिपका तापव, तमुक थंड ठेव. ठिपका सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यांत तापतो आणि लगेच निवतो. जिथे तापला तिथली शाई वितळते, लेबलाला चिकटते. पुढच्या क्षणी रिबन लेबलापासून सोलून वर गुंडाळली जाते आणि शाई लेबलावर राहून जाते. लेबल एक रेघभर पुढे सरकते, पुन्हा तोच खेळ. अशा शेकडो रेघांतून एक नाव, एक तारीख किंवा एक बारकोड उभा राहतो. पाहणाऱ्याला मात्र लेबल सरसर बाहेर येताना दिसते, बस्स.

बारकोडमध्ये मध्येच एक सरळ पांढरी रेघ दिसू लागली तर समजावे की हेडमधला एखादा ठिपका जळाला आहे किंवा त्यावर घाण बसली आहे. घाण असेल तर ती अल्कोहोलने पुसून निघते. जळाला असेल तर हेड बदलावे लागते, आणि मशीनमधला महागडा भाग तोच. म्हणून रिबन नेहमी लेबलापेक्षा थोडी रुंद घ्यायची असते. नाहीतर लेबलाची कड हेडवर घासत राहते.

मेण की रेझिन?

रिबनचे मुख्य तीन प्रकार. पहिली मेणाची. ती कमी उष्णतेत वितळते, स्वस्त पडते, साध्या कागदी लेबलावर छान उमटते. पण नखाने घासली की पुसट होते. खोक्यावरच्या पत्त्याला, दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीला ती पुरते. दुसरी मेण व रेझिन यांच्या मिश्रणाची. ती घासणे, ओल यांना जास्त तोंड देते. तिसरी निव्वळ रेझिनची. तिला उष्णता जास्त लागते, किंमतही जास्त, पण पॉलिएस्टरच्या लेबलावर ती उमटली की पाणी, तेल, अल्कोहोल, औषधे यांना सहसा दाद देत नाही. सदऱ्याच्या आतल्या बाजूला धुण्याच्या सूचनांची चिंधी शिवलेली असते ना? ती कितीतरी धुण्यांतून जाते तरी अक्षर राहते. तशा चिंध्यांवर अशीच रेझिनची छपाई वापरतात.

यातून एक धडा मिळतो. छपाई टिकते ती एकट्या मशीनमुळे नाही. रिबन आणि लेबल यांची जोडी जमली तरच टिकते. प्लॅस्टिकच्या लेबलावर मेणाची रिबन लावली तर बोटाने पुसली जाईल, मग मशीन कितीही महाग असो.

हे आले कुठून?

उष्णतेने छापणाऱ्या हेडच्या शोधाचे श्रेय अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतले अभियंता जॅक किल्बी यांना दिले जाते. एकाच चकतीवर सगळे सर्किट बसवण्याच्या शोधासाठी २००० साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले ते हेच किल्बी. पुढे दुकानांत बारकोड आला. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील ट्रॉय गावातल्या एका दुकानात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा यंत्राने वाचला. मग प्रश्न आला की एवढे बारकोड छापायचे कशाने? ठिपक्यांच्या प्रिंटरची रेघ फाटकी यायची. रेघेची कड स्वच्छ नसेल तर यंत्राला ती वाचता येत नाही. जपानमधील साटो या कंपनीने १९८१ मध्ये थर्मल ट्रान्सफरवर चालणारे लेबलचे मशीन बाजारात आणले आणि कड स्वच्छ येऊ लागली. १९९४ मध्ये जपानमध्येच डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटाने चौकोनी क्यूआर कोड बनवला. आज चहाच्या टपरीवरही तो चिकटवलेला असतो.

आपल्या देशात अनेक वस्तूंच्या बारकोडचा आकडा ८९० ने सुरू होतो. त्याचा अर्थ वस्तू भारतात बनली असा नव्हे. तो क्रमांक घेणाऱ्या कंपनीने भारतातल्या जीएस१ इंडिया या संस्थेकडे नोंद केली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बरेच शिकलेले लोकही इथे गफलत करतात.

जालन्याचे बियाणे आणि त्याची जन्मपत्रिका

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जालन्याचे नाव देशभर बियाण्यासाठी घेतले जाते. १९६४ साली डॉ. बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी सुरू केली. या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. पुढे जालन्यात अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या. तिथे पॅकिंगच्या खात्यात आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी आया-बहिणी उभ्या राहून काम करतात. थैली भरणे, वजन बघणे, तोंड शिवणे, चिठ्ठी लावणे हे त्यांच्याच हातचे.

अशाच पॅकिंगला जाणाऱ्या नात्यातल्या एका ताईला मी चिठ्ठीबद्दल विचारले. ती म्हणाली, “भाऊ, रंगीत कागद प्रेसमधून गठ्ठ्याने छापून येतो. पण लॉट नंबर नि तारखा आम्ही इथं मशीनवर टाकतो. लॉट बदलला की आकडा बदलतो, मग प्रेसला कसं जमंल?” तिने एका वाक्यात या यंत्राचे सारे मर्म सांगितले. जे सगळ्यांवर सारखे असते ते ऑफसेट प्रेसमध्ये लाखांनी छापून घ्यावे. जे प्रत्येक लॉटला बदलते ते जाग्यावर उमटवावे. कुठे हे काम शाईचे तुषार उडवणाऱ्या यंत्राने होते, कुठे थर्मल ट्रान्सफरने. आमच्या बहिणीच्या चिठ्ठीवरची अक्षरे थर्मल ट्रान्सफरची होती, म्हणूनच ती धुराला आणि ओलीला पुरून उरली.

चिठ्ठीचा रंगही वाचायला शिकले पाहिजे. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी चिठ्ठी असते, पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी. कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर विकते त्या सत्यप्रत बियाण्याला फिकट हिरवी. १९६६ च्या बियाणे कायद्याने अधिसूचित वाणांच्या थैलीवर किमान उगवणशक्ती व शुद्धता दाखवणारी चिठ्ठी बंधनकारक केली. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे, मिरचीची ६० टक्के. म्हणजे सोयाबीनचे १०० दाणे पेरले तर निदान ७० उगवायला हवेत. घरी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवले तर पेरणीआधीच ही परीक्षा घेता येते. ती करूनच पेरावे.

१९ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने ‘साथी’ नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली. तिच्यात बियाण्याच्या थैलीवर क्यूआर कोड असतो आणि त्यावरून बियाणे कुठे तयार झाले, कुणी तपासले, कुणाच्या हातून आले याचा माग काढता येतो. हा कोड मोबाइलने वाचता येण्याइतका स्वच्छ छापलेला असला पाहिजे. पुसट छपाई म्हणजे पुसट हक्क, हे इथे शब्दशः खरे आहे.

चिठ्ठीने काय केले?

बहिणीची चिठ्ठी घेऊन आम्ही दुकानदाराकडे गेलो. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने गिऱ्हाइकाला बिल देणे आवश्यक आहे आणि त्याला साठ्याचा हिशेबही ठेवावा लागतो. लॉट नंबर हाती असल्यामुळे त्याच्या वहीत त्या लॉटच्या थैल्या कधी आल्या, कुणाला गेल्या हे शोधता आले. बहिणीच्या नावाची नोंद सापडली. त्याने बिलाची दुसरी प्रत दिली, तीही काढल्याबरोबर झेरॉक्स करून घेतली. अर्ज दिला, तालुक्याची समिती रानात आली, पंचनामा झाला. पुढे कंपनीकडून बियाण्याचे पैसे परत मिळाले. नांगरटीचे, मजुरीचे आणि गेलेल्या हंगामाचे नुकसान मात्र अंगावरच पडले. विजय झाला असे मी म्हणणार नाही. पण गटाचे कर्ज फिटले, आणि “तुम्ही बियाणे घेतलेच नाही” असे म्हणायची सोय कुणाला राहिली नाही. त्याच गावात ज्यांच्याकडे पावतीही नव्हती आणि चिठ्ठीही नव्हती त्यांचे अर्ज पुढे सरकले नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात निकाल दिला की बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागू शकतो. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण आयोग पहिला प्रश्न विचारणार तो पुराव्याचा.

घरात नजर फिरवा

एकदा ही छपाई ओळखता आली की ती घरात ठिकठिकाणी दिसते. चिवड्याच्या, मसाल्याच्या पाकिटावर बॅच नंबर आणि तारीख असते. पाकिटाची फिल्म मशीनमधून धावत असतानाच ती पुष्कळदा थर्मल ट्रान्सफरने उमटवली जाते. औषधांच्या खोक्यांवर, बॅटरीच्या व मिक्सरच्या तळाशी असलेल्या सिरीअल नंबरच्या चिठ्ठीवर, ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या बारकोडवर, प्रयोगशाळेतल्या नळ्यांवर हीच रीत वापरतात, कारण तिथे अक्षर टिकणे महत्त्वाचे असते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. औषध घेताना तारीख वाचता येत नसेल, खाडाखोड दिसत असेल तर ते परत करावे. लाजू नये.

जयंतीला आपली मुले बाबासाहेबांचे चित्र असलेले टी-शर्ट घालतात, तो प्रकारही उष्णतेच्या छपाईच्या भाऊबंदांपैकीच. तिथे रंग आधी कागदावर छापतात. मग तो कागद कापडावर ठेवून हीट प्रेसमध्ये १८० ते २०० डिग्री सेल्सिअस उष्णतेत दाबतात. रंग न वितळता थेट वाफ होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. म्हणून ते चित्र हाताला लागत नाही व धुण्यात सहज जात नाही. सुती कापडावर मात्र हा रंग ठरत नाही. कपावर फोटो उमटतो तोही कपाला पॉलिएस्टरचा लेप दिलेला असतो म्हणून. तेव्हा मंडळाने टी-शर्ट घेताना कापड कसले आहे ते आधी विचारावे, म्हणजे पहिल्या धुण्यात चित्र उतरल्याचे दुःख होणार नाही.

बचत गटाच्या भगिनींसाठी हिशेब

आमचा भाग मिरचीचा. गटाच्या भगिनी तिखट, मसाला, पापड करतात, पण पाकिटावर हाताने लिहिलेली चिठ्ठी लावतात म्हणून दुकानदार माल ठेवत नाही. पाकिटावर मालाचे नाव, वजन, बॅच, तारखा, किंमत, पत्ता आणि अन्नसुरक्षा खात्याचा १४ अंकी क्रमांक नीट छापलेला हवा. लहान टेबलावरचे थर्मल ट्रान्सफर मशीन चार-पाच गटांनी मिळून घेतले तर परवडते.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून हिशेबही देतो. ५० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर उंच लेबल घ्या. दोन लेबलांत ३ मिलिमीटर अंतर धरले तर एका लेबलाला २८ मिलिमीटर रिबन लागते. ३०० मीटरच्या एका रिबनमध्ये १०,७१४ लेबले बसतात. ११० मिलिमीटर रुंद रिबनवर दोन लेबले शेजारी शेजारी घेतली तर २१,४२८. एकच ओळ घेतली तर निम्मी रिबन कोरी वाया जाते, कारण एकदा पुढे गेलेली रिबन पुन्हा वापरता येत नाही. लहान मशीनमध्ये ३०० मीटरची रिबन मावतेच असे नाही. काहींत ७४ मीटरचीच बसते. मशीन घेण्यापूर्वी हे विचारावे. आणि तिखटाच्या, लोणच्याच्या पाकिटाला तेलकट हात लागणार, म्हणून तिथे निव्वळ मेणाची रिबन घेऊ नये, मेण-रेझिनची घ्यावी.

एक सावधगिरी सांगतो. वापरलेल्या रिबनवर छापलेली अक्षरे कोऱ्या जागेच्या रूपात जशीच्या तशी राहतात. उजेडात धरली की कुणीही वाचू शकतो. दवाखान्यात रुग्णाचे नाव आणि तपासणी, कचेरीत कुणाचा क्रमांक, सारे त्या फितीवर असते. अशी रिबन कचऱ्यात तशीच फेकू नये, तुकडे करून टाकावी. आपल्या मुली-सुना अशा जागी कामाला असतील तर त्यांनी हे वरिष्ठांच्या कानावर घालावे.

आजच करण्याजोगे

घरातली पावती कोणत्या जातीची आहे ते ओळखायची सोपी खूण आहे. पावतीच्या कोऱ्या कोपऱ्यावर नखाने जोरात ओरखडा काढा. काळी रेघ उठली तर ती डायरेक्ट थर्मल. अशी पावती त्याच दिवशी झेरॉक्स करावी आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा. झेरॉक्सची काळी पूड कागदावर पक्की बसते, ती अशी उडत नाही. मूळ पावती व झेरॉक्स एकत्र टाचून कागदी पाकिटात, सावलीत ठेवावी. प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. ईसीजीची पट्टी, वॉरंटीचे बिल, बियाण्याची व खताची पावती, सोनाराची पावती यांना हे लागू आहे. या कागदात बिस्फेनॉल ए नावाचे द्रव्य असू शकते. युरोपात जानेवारी २०२० पासून त्याच्यावर कडक मर्यादा आहे. म्हणून लहान मुलांना अशा पावत्या चघळू देऊ नयेत.

बियाण्याची थैली उघडताना शिवण चिठ्ठीच्या विरुद्ध बाजूने उसवावी. चिठ्ठी, रिकामी थैली आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत ठेवावे.

आपली माणसे राबायला कमी पडत नाहीत. कमी पडतो तो कागद. ज्याच्याकडे जमीनजुमला आहे त्याच्या शब्दालाही वजन असते. दीड एकरवाल्याला, रोजंदारीवाल्याला मात्र प्रत्येक ठिकाणी कागदच दाखवावा लागतो. बहिणीच्या घरी आता पत्र्याच्या पेटीत बिस्किटांचा एक डबा आहे. भाचा प्रत्येक पावतीची झेरॉक्स काढून तारखेवार त्यात लावतो. सगळ्यात खाली ती लॅमिनेशन केलेली काळी पट्टी ठेवली आहे. मी म्हटले, “ही कशाला ठेवलीस रे?” तो म्हणाला, “मामा, धाकट्याला दाखवायला. तो अजून शिकायचाय.”